मोटारीचे इंजिन कोणी बदलावे?

(प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एक कामाचा प्रश्न घेऊन आलो आहोत. गाडीचे इंजिन थकले. आता त्या जागी दुसरे बसवायचे आहे. ते घरी, आपल्या हातांनी बसवावे, की गॅरेजात नेऊन मिस्त्रीकडून बसवून घ्यावे?

प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण त्यात पैसा आहे. गाडीवर चालणारी चूल आहे. आणि वेळ वाईट असली तर कोणाचा तरी हात, पाय किंवा जीवही आहे. म्हणून उत्तर घाईने देऊ नये.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यंत्राची भीती वाटत नाही. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. पुढे गावोगावच्या विहिरींवर डिझेल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. ते इंजिन बंद पडले की तालुक्याहून फिटर येईपर्यंत ऊस वाळायचा. मग काय करणार? आपल्याच माणसांनी पाने हातात घेतले. तेल बदलले, जाळी साफ केली, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढली. कोणी कोणी तर रिंगासुद्धा बदलल्या. आता पुष्कळ ठिकाणी विजेचे पंप आले, पण ते शिकलेले हात अजून आहेत. त्यांच्याकडून पोरांनीही शिकून घेतले आहे.

म्हणून गाडीचे इंजिन गेले की असा माणूस म्हणतो, “त्यात काय एवढं? विहिरीवरचं उघडलं, तसंच हे.”

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. आत पिस्टन आहे, क्रँक आहे, व्हॉल्व्ह आहेत. धर्म एकच. पण विहिरीवरचे इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर एका जागी उभे असते. ते बिघडले तर पाणी थांबते. गाडीतले इंजिन आपल्याला घेऊन घाट उतरते. त्याला गिअरबॉक्स जोडलेला असतो, रेडिएटर, वायरी आणि ब्रेकसुद्धा. ब्रेक कसे, ते पुढे सांगतो. तो मुद्दा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. घाटावरच्या एका गावात दोघे भाऊ आहेत. त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे. शेतातली भाजी रोज पहाटे तालुक्याच्या बाजारात न्यायची, हे तिचे काम. जीप तेल पिऊ लागली. मागून निळसर धूर येऊ लागला. चढावर दम लागू लागला. थोरला म्हणाला, “गॅरेजात टाकू.” धाकटा म्हणाला, “दादा, तू कशाला पैसे घालवतोस? मी एक इंजिन पाहून ठेवलंय. चार पोरं बोलावतो, आंब्याला साखळी बांधतो, दोन दिवसांत बसवतो.” घरचा हिशेब वहिनी ठेवतात. त्यांनी विचारले, “भावजी, पण इंजिन गेलंय हे कोणी सांगितलं?”

वहिनींनी सर्वांत आधीचा प्रश्न विचारला. बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, हे खरे. पण तेल कोठून येते? रिंगा झिजल्या असतील तर खालून येते. व्हॉल्व्हची सिले गेली असतील तर वरून येते. वरून येत असेल तर हेडच्या कामात भागते, अख्खे इंजिन बदलण्याचे कारण नाही. काळा धूर असेल तर बहुधा डिझेल जास्त पडते आहे किंवा हवेची जाळी तुंबली आहे. रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर हेडचे पॅकिंग फुटले असण्याचा संभव मोठा. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण काढले आणि आतून भकाभका वाफारा आला, तर त्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. तेव्हा मात्र पिस्टन-रिंगा किंवा स्लीव्ह खाल्ल्या गेल्या असे समजावे. खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजायचे मीटर असते. चांगला मिस्त्री ते लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा दाखवतो. तेवढ्या तपासणीला तो जी मजुरी घेईल ती द्यावी. तिच्यात कंजुषी करू नये.

आणि झिजलेले इंजिनही फेकायचे नसते. ते उतरवून लेथवाल्याकडे नेता येते. बोअर करून, नवे पिस्टन घालून, क्रँक घासून, बेअरिंगे बदलून ते पुन्हा ‘बांधता’ येते. यात एक मोठा फायदा आहे. ब्लॉक तोच राहतो, म्हणून इंजिनाचा नंबर तोच राहतो. सरकारी कागदाला हात लावावा लागत नाही. आमचे मत विचाराल तर, ब्लॉकला तडा गेला नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर आपले इंजिन बांधून घेणे हा बहुतेक वेळा शहाणपणाचा रस्ता आहे. भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते.

पण समजा, बदलायचेच ठरले. मग विचारायचे, कोणते इंजिन?

महिंद्रांच्या जुन्या जीपगाड्यांत पेट्रोलची इंजिने असत. पुढे नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला प्यूजो जातीची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. डिझेल स्वस्त होते. तेव्हा कितीतरी जणांनी आपल्या पेट्रोलच्या गाडीत डिझेलचे इंजिन बसवून घेतले. त्या काळच्या गोष्टी ऐकून आजही कोणी म्हणतो, कोणतेही इंजिन कोणत्याही गाडीत बसते. बसवले तर बसते, हो. पण पुढे काय होते ते ऐका.

डिझेल इंजिन पेट्रोलच्यापेक्षा जड. पुढचे पाटे दबतात. जुने पेट्रोल इंजिन हवा सुमारे सात-आठ पटींनी दाबते, तर त्या वेळची डिझेल इंजिने वीस-बावीस पटींनी दाबत. एवढा दाब फिरवायला सेल्फ मोठा लागतो, बॅटरी मोठी लागते. धक्के जास्त, म्हणून फाउंडेशनची रबरे वेगळी लागतात. पंखा रेडिएटरला घासतो की काय, खालचा तेलाचा सम्प ॲक्सलवर आपटतो की काय, हे पाहावे लागते.

आणि आता ब्रेक. पुष्कळ गाड्यांत पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर असतो. तो हवा ओढून घेतल्यामुळे काम करतो. पेट्रोलचे इंजिन चालताना आपोआप हवा ओढते, तीच बूस्टरला मिळते. डिझेलचे इंजिन तशी ओढ देत नाही. त्याला निराळा व्हॅक्यूम पंप लागतो. कित्येक गाड्यांत तो डायनामोच्या पाठीला जोडलेला असतो. आता कोणी इंजिन बदलले, जुना डायनामो काढून दुसरा बसवला, आणि त्याला पंपच नसला तर? दारात गाडी चालू होते. पेढे वाटले जातात. पहिल्याच उतारावर पाय दाबला की ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. गाडी थांबत नाही असे नव्हे, पण दुप्पट जोर लावावा लागतो, आणि भाजीची भरलेली गाडी तेवढा वेळ देत नाही. इंजिन बसवणारा माणूस सारा वेळ इंजिनाकडे पाहत असतो. ब्रेककडे पाहायचे त्याला सुचत नाही.

अलीकडच्या गाड्यांचे तर बोलायलाच नको. त्यांचे इंजिन एका छोट्या संगणकाच्या हुकमाने चालते. वायरींचा जुडगा, किल्ली आणि तो संगणक यांचे एकमेकांशी जुळावे लागते. पान्याने ते जुळत नाही. अशी गाडी असेल तर घरी करण्याचा विचारच सोडून द्यावा.

दोघा भावांची जीप जुनी. त्यात संगणक नाही. तेव्हा धाकट्याचे म्हणणे अगदीच मोडीत काढता येत नाही. पण त्याच्या आंब्याच्या झाडाबद्दल आम्हाला बोलले पाहिजे.

जीपचे डिझेल इंजिन सगळ्या अंगासह दोनशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे पन्नास किलोची चार पोती एका साखळीला टांगलेली. फांदी आधी सांगून मोडत नाही. साखळीची कडी कोठून निसटेल सांगता येत नाही. आणि इंजिन वर उचलले की ते सरळ राहत नाही, एका बाजूला झुलते. अशा वेळी जवळचा माणूस काय करतो? हात पुढे करून सावरायला जातो. बोटे जातात ती तेव्हाच. हे काम करायचे तर वजन लिहिलेली चेन-कप्पी हवी, लोखंडी घोडा किंवा तिकाटणे हवे, खालची जमीन फरशीची किंवा चांगली ठोकलेली हवी. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही हात, पाय, डोके घालायचे नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखालीही शिरायचे नाही. तिच्याखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे असलेच पाहिजेत. आणि त्या अंगणात त्या दिवशी पोरे नकोत. एवढी तयारी नसेल, तर उतरवण्या-चढवण्याचे काम मिस्त्रीचे. येथे आम्ही घासाघीस करणार नाही.

दुसरी एक जागा नाजूक असते. इंजिन बसवताना गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या प्लेटीतून सरळ आत गेला पाहिजे. प्लेट आधी मध्यावर नीट धरून बसवावी लागते. ती जरा सरकलेली असली की इंजिन दोन बोटे बाहेर राहते. मग उतावळा माणूस म्हणतो, बोल्ट आवळून ओढून घेऊ. बोल्ट आवळले की कडकन आवाज होतो. क्लचच्या घराचा कान तुटतो किंवा प्लेट वाकते. हाताने सहज न गेलेली वस्तू बोल्टने ओढू नये, हे मिस्त्री मार खाऊन शिकलेला असतो.

आता पैशाचे पाहू. वहिनींनी तो हिशेब पाटीवर मांडला, तसाच आपण मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा, मिस्त्री उतरवण्या-बसवण्याची मजुरी १२,००० रुपये सांगतो आणि ५ दिवसांत गाडी देतो. घरी करायचे तर मजुरी वाचते. पण घरची माणसे शेतातले काम सांभाळून करणार. एक पाना कमी पडला की तालुक्याला फेरी. एक पॅकिंग फाटले की दुसरी फेरी. दोन दिवस म्हणता म्हणता १५ दिवस होतात. तेवढे दिवस भाजी काही थांबत नाही. टेंपो भाड्याने घ्यावा लागतो. रोजचे ९०० रुपये धरा. मिस्त्रीकडे ५ दिवसांचे ४,५०० होतात. घरी १५ दिवसांचे १३,५०० होतात. म्हणजे ९,००० जास्त. शिवाय चेन-कप्पी आणि घोड्याचे भाडे २,००० धरा. १२,००० वाचवायला निघालो आणि ११,००० दुसऱ्या वाटेने गेले. उरले १,०००. एवढ्यासाठी १५ दिवस कमर मोडायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण हाच हिशेब दुसऱ्याच्या घरी उलटा येईल. ज्याची गाडी रोजच्या धंद्याची नाही, आठवड्यातून एकदा निघते, त्याला दिवसांची किंमत मोजावी लागत नाही. ज्याचा भाऊ गॅरेजात काम करतो आणि रविवारी कप्पी घेऊन येतो, त्याला भाडेही नाही. त्याने घरी केले तर आम्ही त्याला वेड्यात काढणार नाही. हौसही काही वाईट नसते. फक्त हौसेला काटकसर म्हणू नये. दोन्ही निराळ्या गोष्टी आहेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, पण ते कान देऊन ऐका. तुमच्या आर.सी. बुकात इंजिनाचा नंबर लिहिलेला असतो. इंजिन बदलले की तो नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५२ व्या कलमाखाली, नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार करण्याआधी आर.टी.ओ. कडून मंजुरी घ्यावी लागते, आणि नंतर बुकात नोंद करून घ्यावी लागते. ‘आधी’ हा शब्द ध्यानात ठेवा. कारखान्याने त्या गाडीत घातले होते त्याच जातीचे इंजिन असेल तर मार्ग सरळ असतो. भलत्याच जातीचे इंजिन असेल तर मंजुरी मिळेलच असे धरून चालू नये. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याच्या कंपनीलाही कळवावे. नाही तर अपघात झाल्यावर ती नंबर पाहते आणि हात वर करते.

धाकट्या भावाने पाहून ठेवलेल्या इंजिनाला पावती नव्हती. “पावती कशाला? ओळखीचा माणूस आहे,” असे विकणारा म्हणाला. मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला काय किंवा कोणत्याही शहराच्या जुन्या सामानाच्या बाजारात काय, चांगले इंजिन मिळते. पण ब्लॉकवरचा नंबर घासलेला असेल तर त्याला हात लावू नका. नंबर कोणी उगाच घासत नाही. पावतीवर विकणाऱ्याचे नाव, ज्या गाडीतून इंजिन काढले तिचा नंबर आणि इंजिनाचा नंबर, हे तिन्ही तुम्ही स्वतः वाचून, ब्लॉकशी ताडून घ्यावे. आणखी एक पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी ती नवी करावी लागते. मुदत संपत आली असेल आणि पत्राही गंजला असेल, तर त्या गाडीत दुसरे इंजिन घालणे म्हणजे फुटक्या घागरीला नवा दोर.

मग त्या भावांनी काय केले? त्यांनी काम वाटून घेतले, आणि आम्हाला ते पसंत पडले. मीटर लावल्यावर इंजिन खरेच झिजलेले निघाले. पण ब्लॉक चांगला होता. तेव्हा दुसरे इंजिन आणायचे त्यांनी सोडले. आपलेच बांधून घ्यायचे ठरले. धाकट्याने घरी बॅटरीची तार सोडली, पाणी आणि तेल काढले, बॉनेट आणि रेडिएटर उतरवले. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा लिहिला आणि वहीत तो आकडा कोठला ते टिपले. बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवले. मग गाडी ओढून गॅरेजात नेली. उतरवणे, लेथचे काम, हेड आवळणे, पुन्हा चढवणे हे मिस्त्रीने केले. धाकटा रोज तेथे हजर होता. रेडिएटर त्याने धुऊन घेतला, फाटलेल्या होसपायपा बदलल्या. मिस्त्रीने मजुरीतले काही रुपये कमी केले. फार नाही.

आम्हाला यात पैशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. जो माणूस वायरींना आकडे घालतो, त्याला मिस्त्रीकडे काय चालले आहे ते कळते. नवी क्लच प्लेट घातली म्हणून पैसे घेतले आणि जुनीच ठेवली, असे त्याच्यापुढे होत नाही. काढलेला जुना माल तो मागून घेतो.

मिस्त्रीशी ठरवताना कागदावर लिहून घ्यावे. मजुरीत काय काय आले? तेल, पॅकिंगे, फाउंडेशनची रबरे धरून की निराळी? लेथवाल्याचे पैसे कोण देणार? गाडी कोणत्या तारखेला मिळणार? आणि दोन महिन्यांत तेल गळू लागले तर पुन्हा उघडण्याची मजुरी कोणाची? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडे गाडी टाकण्याआधी आणखी एका गॅरेजात विचारून यावे.

शेवटी पहिल्यांदा चालू करण्याविषयी. घरी केले असो वा बाहेर, त्या वेळी मालकाने जवळ असावे. तेल आणि पाणी भरले का, हे आधी पाहायचे. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायची. इंजिन पेटू न देता सेल्फवर थोडे थोडे फिरवायचे, म्हणजे तेल बेअरिंगांपर्यंत पोहोचते. चालू झाल्यावर पहिली नजर तेलाच्या दाबाच्या दिव्याकडे. तो काही क्षणांत विझला नाही तर लगेच बंद. मग खाली वाकून गळती पाहायची, रेडिएटर तापतो का ते पाहायचे. त्यानंतर, गाडी दारातच उभी असताना, ब्रेकवर पाय ठेवून पाहायचा. कठीण लागला तर गाडी हलवायची नाही. पहिले काही दिवस भार कमी, वेग कमी. मिस्त्री सांगेल तितक्या किलोमीटरनंतर तेल बदलायचे आणि हेडचे बोल्ट पुन्हा पाहून घ्यायचे.

आम्ही येताना एक जुना क्लच, एक झिजलेली पिस्टन-रिंग आणि व्हॅक्यूम पंपासकट डायनामो आणला आहे. ते येथे टेबलावर ठेवले आहेत. पुढे या, हातात घेऊन पाहा, आणि ज्याला जे विचारायचे असेल ते विचारा.